राउटरसाठी उभ्याचा नेम

राउटर आपणच जाऊन आणायचा, असं आईनं बुधवारी दुपारी शेंगा सोलता सोलता ठरवलं, आणि पुढचे पाच दिवस त्या घरात कुणी स्वस्थ बसलं नाही. इतरांच्या बाबतीत हा बोलण्याचा भाग समजावा. आईच्या बाबतीत तो अक्षरशः घ्यावा.

तसा घरात एक राउटर होता. नऊ वर्षांपूर्वी नेटच्या कंपनीनं जोडणीबरोबर फुकट दिलेला. दाराजवळ चपलांच्या कपाटावर तो बसे. त्याच्या दोन अँटेनांपैकी एक मोडली होती आणि बाबांनी ती रबरबँडनं दुसरीला बांधून ठेवली होती, त्यामुळे तो कायम हात जोडून उभा असल्यासारखा दिसे. त्याचं नेट बाहेरच्या खोलीत ठणठणीत असे, बोळात येईपर्यंत दमे आणि आतल्या खोलीत लेकीच्या टेबलापर्यंत पोचता पोचता मान टाके. मग लेक लॅपटॉप पोटाशी धरून घरभर हिंडे. गॅसच्या ओट्यापाशी दोन रेघा, कपडे वाळत घालायच्या गॅलरीत तीन, न्हाणीघराच्या दारात क्वचित चार.

लेक एका खुर्च्या-टेबलं विकणाऱ्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम घरून करी. कुणाच्या खुर्चीचा पाय डगमगे, कुणाची पाठ मोडे. लेक गोड आवाजात सगळ्यांची समजूत घाली. कंपनीचा नियम मात्र कडक होता. बोलता बोलता लाइन तुटल्याची नोंद तीनदा झाली, की घरून काम बंद. मग कंपनीच्या गावाला जाऊन राहायचं, तेही रात्रभराच्या प्रवासावर.

बुधवारी आई बाहेरच्या खोलीत दिवाणावर, आपल्या डाव्या कोपऱ्यात बसली होती. (तो कोपरा तिचाच. वीस वर्षं तिथेच बसून गादीला तिच्या मापाचा खळगा पडला होता आणि दुसऱ्या कुणी बसलं तर घरंगळून त्यातच जाई, म्हणून कुणी बसत नसे.) आतून लेकीचा फोनवरचा आवाज आला.

"दोनदा तुटलीय गं. आता सोमवारी दहाला मोठ्या मॅडमबरोबर मीटिंग. त्यात तुटली, की झालं. जाईन तिकडे राहायला, त्यात काय."

'त्यात काय' हे शब्द आईला शेंगेतल्या किडीसारखे दिसले. लेकीनं ते सहज म्हटलं असेल, पण आदल्याच दिवशी माळ्यावरची प्रवासाची निळी बॅग खाली आली होती. "धूळ बसलीय, पुसायला काढली," असं लेक म्हणाली होती. सात वर्षांत त्या बॅगेची धूळ कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती.

आईनं शेंगांची परात बाजूला ठेवली आणि दोन गोष्टी ठरवल्या. एक, नवा राउटर आणायचा. दोन, नेम धरायचा.

आईच्या नेमांबद्दल थोडं सांगायला हवं. संकट लहान असो की मोठं, आई आधी नेम धरी, मग बाकीचं बघे. बाबांच्या बढतीसाठी तिनं चहातली साखर सोडली होती. बढती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळाली, पण आईचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी शाबासकी दिली. लेकीच्या परीक्षेच्या वेळी ती महिनाभर सकाळी नऊपर्यंत मौन पाळत होती. लेक पहिल्या वर्गात आली. (घरात नऊपर्यंत शांतता होती म्हणून आली, असं लेकीचं मत. आईनं त्याच्याशी वाद घातला नाही. देव कुठल्या वाटेनं येतो हे त्याचं तो बघेल.)

या वेळचा नेम तिनं मनातल्या मनात उच्चारला. 'लेकीची सोमवारची मीटिंग सुरळीत पार पडेपर्यंत, उजेड असेतो मी बसणार नाही.' आणि उठली. नेम कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की त्यातला जोर जातो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती काही बोलली नाही. इथेच सगळा घोटाळा झाला.

गुरुवारी बाबांनी पाण्याच्या कचेरीतून अर्धी रजा घेतली. बाबा तिथे क्लार्क होते. गावातल्या जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे त्यांच्या ताब्यात असत. कुठला पाइप कुठून कुठे जातो हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येई, फक्त चष्मा कुठे आहे ते येत नसे.

बस रिकामी होती. बाबा खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर हात थोपटून म्हणाले, "ये."

"नको, उभीच बरी."

"अगं, सगळी बस मोकळी आहे."

"असू दे."

कंडक्टरनं तिकीट देताना आईकडे बघितलं, रिकाम्या जागांकडे बघितलं आणि मग बाबांकडे असं बघितलं, की बाबा उगाचच खिडकीबाहेर बघू लागले. पुढच्या थांब्यावर चढलेल्या एका कॉलेजातल्या मुलीनं, आपण कुणाचीच जागा अडवलेली नाही हे दिसत असूनही, उठून आईला जागा देऊ केली. आईनं तिला तोंडभर आशीर्वाद दिले आणि दांडा घट्ट धरला. शेवटी बाबाही उठून उभे राहिले. दोघंही उभी आणि बस रिकामी, असा तो प्रवास झाला.

"माझं काही चुकलंय का?" उतरताना बाबांनी विचारलं.

"तुमचं काय चुकणार," आई म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण सव्वीस वर्षांच्या संसारात बाबांनी हे वाक्य ज्या ज्या वेळी ऐकलं होतं, त्या त्या वेळी त्यांचं बरंच काही चुकलेलं निघालं होतं. ते गेल्या आठवड्यातलं आठवू लागले.

दुकानात शिरल्या शिरल्या दुकानदारानं स्टूल पुढे केलं. "बसा काकू."

"नको, तुम्ही दाखवा."

"घर किती मोठं?"

"तीन खोल्या आणि मधला बोळ."

"माणसं?"

"तीन."

"फोन किती?"

"पाच."

"तीन माणसांत पाच?"

"ह्यांचे तीन आहेत. त्यातला एक बंद पडलाय, पण ते तोही चार्जिंगला लावतात."

बाबांचं लक्ष एव्हाना वरच्या फळीवर गेलं होतं. तिथे आठ अँटेनांचा एक काळा राउटर, पाठीवर पडलेल्या खेकड्यासारखा, पाय वर करून बसला होता.

"हा बघ. ह्याला प्रेशर असणार," बाबा म्हणाले.

दुकानदार भला होता. "काका, तो हॉटेलवाले नेतात. तुमच्याकडे लाइन केवढी येते? पन्नासची. मग आठ अँटेना लावून ती शंभरची होत नाही."

"म्हणजे गल्लीतून येणारी नळी अर्ध्या इंचाची आणि घरात आठ नळ," बाबा म्हणाले.

"अगदी."

बाबांना हे इतकं पटलं की त्यांनी खेकड्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मग दुकानदारानं चार अँटेनांचा, पांढरा, साधा आणि खिशाला झेपणारा एक राउटर काउंटरवर ठेवला. "हा दोन तऱ्हेनं नेट सोडतो. एक जोरात धावतं, पण भिंत आली की अडतं. दुसरं सावकाश जातं, पण भिंतीपलीकडे पोचतं. दोन्ही एकाच डब्यात."

"आमच्या घरातही दोन्ही आहेत," आई म्हणाली. "धावणारे हे, आणि भिंतीपलीकडे पोचणारी मी." बाबांनी हे ऐकलं आणि त्यांची चूक गेल्या आठवड्यातली नसून बरीच जुनी असावी, असं त्यांना वाटू लागलं.

"तापतो का?" आईनं विचारलं.

"कोमट होतो. झाकायचा नाही, कपाटात कोंडायचा नाही. घराच्या मध्यावर आणि उंचावर ठेवा."

"टाकी उंचावरच असते," बाबा म्हणाले, आणि दुकानातून आपण काहीतरी शिकवून आलो अशा चालीनं बाहेर पडले.

घराचा मध्य म्हणजे बोळ. बोळात उंच जागा एकच होती, आईच्या जपाचा कोनाडा. त्याला दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर देव, खालच्या फळीवर वाती, काड्यापेटी आणि आईची जपमाळ. आईनं न सांगता खालची फळी रिकामी करून दिली.

"चालेल तुला?" लेकीनं विचारलं.

"न चालायला काय झालं? त्याच्या पायाशी राहील. चार लोकांचं ऐकून पलीकडे पोचवायचं, तेच काम दोघांचंही."

शुक्रवारी संध्याकाळी जोडणी सुरू झाली. लेकीनं राउटर, त्याचं नाव, पासवर्ड वगैरे सगळं दहा मिनिटांत उरकलं. पुस्तिका बाबांनी घेतली आणि सात भाषांतल्या सात सूचना, त्यातल्या पाच येत नसतानाही, चित्रं ताडून बघत वाचल्या. प्रश्न उरला वायरचा. नेटची पेटी दाराजवळ, राउटर बोळात. मधे बाहेरची खोली.

"भिंतीवरून वरून नेऊ या," लेक म्हणाली. "खिळे मारून."

बाबांच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. कचेरीत ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. पाइप दिसला की काम फसलं. पाणी दिसावं, पाइप दिसू नये. तीस वर्षं जमिनीखालच्या गोष्टींचे नकाशे सांभाळलेल्या माणसाच्या घरात वायर भिंतीवरून उघडी लोंबणार, हे त्यांच्यानं बघवणार नव्हतं.

"तुम्ही आत जा," ते म्हणाले. "मी बघतो."

दीड तासानं त्यांनी दोघींना बोलावलं. वायर कुठेच नव्हती. पेटीपाशी ती एकदा दिसत होती आणि एकदम बोळात राउटरपाशी निघत होती. मधली सगळी गडप.

"कुठून नेली?" लेकीनं विचारलं.

"नेली," बाबा म्हणाले, आणि मंदपणे हसले. कसबी माणूस आपली वाट सांगत नाही.

(ती वाट आता सांगायला हरकत नाही. वायर सतरंजीखालून दिवाणापर्यंत आली होती. दिवाण पेटीचा, जमिनीला टेकलेला, त्यामुळे खालून जायला जागा नव्हती. म्हणून बाबांनी वायर दिवाणाची पेटी आणि गादी यांच्या मधून घातली होती. एक वायर पुरली नाही, तेव्हा दोन वायरी जोडून मधे बोटाएवढा प्लास्टिकचा सांधा बसवला होता. हा सांधा नेमका डाव्या कोपऱ्यात, आईच्या खळग्याखाली आला होता.)

शनिवारी कसोटी झाली. लेकीनं आतल्या खोलीतून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि दोन तास बोलली. एकदाही चित्र अडकलं नाही. रविवारी बाबांनी स्वतः तपासणी हाती घेतली. आपल्या वेताच्या खुर्चीत बसून, उभं राहून, दार लावून, दार उघडून, गॅलरीतून आणि न्हाणीघरातून त्यांनी नेटचा वेग मोजला आणि वेळेसकट कागदावर लिहिला. सगळीकडे प्रेशर एकसारखं होतं. दिवाणाच्या डाव्या कोपऱ्यात कुणीच बसलं नाही. बसणारी आई होती, आणि आई बसत नव्हती.

आईचे हाल मात्र वाढत होते. ती ओट्याशी उभी राहून जेवत होती, फ्रिजवर वर्तमानपत्र पसरून वाचत होती, आणि काम नसलं की बोळातून इकडून तिकडे फेऱ्या मारत होती. पोटऱ्यांत गोळे येत होते. सूर्य मावळला की ती धपकन पलंगावर पडे आणि सरळ सकाळीच उठे. फेऱ्या मारता मारता तिची नजर लेकीच्या दाराआडच्या निळ्या बॅगेवर जाई, आणि पाय पुन्हा जोर धरत.

तिला हिंडताना बघून बाबांनाही बसवेना. ते तिच्यामागे हिंडत. शनिवारी त्यांनी न सांगता भांडी घासली. रविवारी गॅलरीची गळकी तोटी बदलली. ती दोन वर्षं गळत होती आणि ते पाण्याच्या कचेरीत होते.

"अगं, जरा टेक ना."

"नको."

"काही बोलायचंय का तुला?"

"मला काय बोलायचं असणार."

बाबा निमूटपणे माळ्यावर चढले आणि माळाही आवरून आले.

रविवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनी वाटीभर दही मागायला आल्या. त्या दिवाणाच्या उजव्या टोकाला बसल्या. (पाहुण्यांची जागा तीच.) आई समोर उभीच.

"बस की गं."

"नको वहिनी."

"दुखतंय का?"

"पाय दुखतात थोडे."

"पाय नाही म्हणत मी." वहिनींनी दाराकडे बघून आवाज उतरवला. "बसता येत नाही का? मला सांगायला काय लाजायचं. ह्यांना झालं होतं मागं. पंधरा दिवस उभ्यानं टीव्ही बघितला त्यांनी."

"नाही हो वहिनी, तसलं काही नाही."

"बरं, नाही तर नाही. उद्या मलम आणून देते. लावून तर बघ."

आईला नेम सांगता येत नव्हता आणि खोटंही बोलता येत नव्हतं. तिनं वाटीभर दही दिलं आणि मूळव्याध पदरात घेतली.

सोमवार उजाडला. बाबांनी पुन्हा अर्धी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'घरगुती गळती' असं लिहिलं, कारण त्या कचेरीत दुसरं कारण कुणाला पटत नसे. लेक इस्त्री केलेला शर्ट घालून साडेनवालाच टेबलाशी बसली. दार उघडं ठेवलं, म्हणजे राउटर आणि लॅपटॉप यांच्या मधे लाकूडही नको. त्या उघड्या दारातून बाहेरची खोली सरळ दिसत होती.

दहा वाजले. बोळातल्या राउटरचा हिरवा दिवा शांत तेवत होता. आई कोनाड्यासमोर उभी राहून जप करत होती. एक डोळा वरच्या फळीवर, एक खालच्या.

साडेअकराला लेकीच्या खोलीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. लेक बाहेर आली. गाल लाल, डोळे हसरे. माठातलं पाणी गटागटा प्यायली आणि म्हणाली, "छान झालं."

आईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. छान झालं. पार पडलं. ती हळूहळू दिवाणाकडे गेली, पाच दिवसांनी आपल्या खळग्याकडे प्रेमानं बघितलं, देवाचं नाव घेतलं आणि बसली.

"पहिला भाग छान झाला," लेक पेला धुता धुता म्हणाली. "दहा मिनिटं सुट्टी आहे. निर्णय नंतर सांगणार." आणि आत गेली.

आई हे ऐकेपर्यंत लेकीचा आवाज आला. "बाबा, नेट गेलं."

आई जागच्या जागी गारठली. मीटिंग संपली नव्हती. नेम मोडला होता. आणि नेम मोडल्या क्षणी नेट गेलं होतं. ताडकन उठून ती दोन्ही गाल चापटत कोनाड्याकडे धावली. बाबा त्याआधीच स्टुलावर चढून राउटरकडे बघत होते.

"दिवा लाल झालाय. थांब, मी सगळं काढून परत..." आणि तेवढ्यात दिवा हिरवा झाला.

"आलं," आतून लेक म्हणाली. "काय केलं तुम्ही?"

"काही नाही," बाबा म्हणाले. ते खरंच होतं.

"मी केलं," आई म्हणाली. "मी बसले. बुधवारपासून नेम होता माझा, मीटिंग पार पडेपर्यंत बसायचं नाही म्हणून. मला वाटलं झालं. मी बसले म्हणून गेलं."

बाबांनी स्टुलावरून खाली बघितलं. "म्हणून तू बसमध्ये उभी होतीस?"

"हो."

"माझं काही चुकलेलं नव्हतं?"

"तुमचं काय चुकणार."

बाबांनी घासलेली सगळी भांडी, बदललेली तोटी आणि आवरलेला माळा क्षणात डोळ्यांपुढून सरकला. पण ही वेळ ती नव्हती. "हे बघ," ते समजुतीनं म्हणाले, "माणूस बसण्याचा आणि नेटचा काही संबंध नसतो. योगायोग आहे. बस बघू एकदा. सात मिनिटं आहेत अजून."

"मी नाही बसणार."

"बस. तुझा जीव शांत व्हावा म्हणून सांगतोय."

आईनं देवाकडे बघून मनात माफी मागितली आणि दिवाणाच्या काठावर अंग चोरून, मग खळग्यात घरंगळून बसली.

"बाबा, परत गेलं," आतून लेक.

आई उठली.

"आलं."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सव्वीस वर्षं त्यांनी आईच्या नेमांकडे, लोक शेजाऱ्याच्या छंदाकडे बघतात तसं बघितलं होतं. आता त्यांनी स्टुलावरून उतरताना चप्पल काढली.

"बसू नकोस," ते म्हणाले. "मीटिंग संपेपर्यंत काही झालं तरी बसू नकोस. मीही नाही बसत."

एक वाजेपर्यंत दोघंही बाहेरच्या खोलीत, दाराच्या चौकटीत दिसतील अशी, हात जोडून उभी राहिली. बाराच्या सुमाराला वहिनी मलम घेऊन आल्या.

"बसता येतंय का आज?" त्यांनी दारातूनच विचारलं आणि दिवाणाकडे वळल्या.

"वहिनी, बसू नका," आई आणि बाबा एकदम कुजबुजले.

"का?"

"लेकीच्या नोकरीचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

वहिनींना काही कळलं नाही, पण आवाजातली तळमळ कळली. मलमाची ट्यूब मुठीत धरून त्याही उभ्या राहिल्या.

एक वाजून पाच मिनिटांनी लेक बाहेर आली. तिघांकडे बघून ती दारातच थबकली.

"घरून काम करायला परवानगी मिळाली," ती म्हणाली. "कायमची. लाइन तुटली ती सुट्टीत तुटली, तिची नोंदच झाली नाही." मग तिनं विचारलं, "पण तुम्ही सगळे असे का उभे आहात?"

आईनं सांगितलं. बाबांनी पुरावा दिला, वेळेसकट. लेकीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दिवाणापाशी गेली आणि डाव्या कोपऱ्यातली गादी उचलली. खाली बोटाएवढा पांढरा सांधा होता, मधोमध चेपलेला. तिनं तो अंगठ्यानं दाबला. बोळात लाल दिवा लागला. सोडला. हिरवा.

बाबांनी चप्पल पायात घातली.

"पाइपवर बसलं तर पाणी थांबत नाही," ते शेवटी म्हणाले. "लोखंडी असतो."

"आई," लेक म्हणाली, "तू शनिवारी एकदा जरी नेहमीसारखी बसली असतीस ना, तर हे शनिवारीच कळलं असतं. तुझ्या नेमामुळे लपून राहिलं ते."

आईला हे एकदम लागलं. पाच दिवसांचे पोटऱ्यांतले गोळे एकदम जाणवले. देवाकडे मागताना आपण काय मागतो ते नीट बघून मागायला हवं, असं तिच्या मनात आलं, आणि मग तेही आलं की मागितलं ते मिळालं तर होतं. निळी बॅग अजून दाराआड होती. आईनं ती उचलली आणि बाबांच्या हातात दिली. बाबा माळ्याकडे निघाले.

"आणखी एक," लेक म्हणाली. "शेवटी मॅडमनी विचारलं, तुमच्यामागे ती तीन माणसं तासभर उभी का आहेत. मला काय सांगावं सुचेना. तर त्या म्हणाल्या, आपण खुर्च्यांची कंपनी आहोत आणि आपल्या माणसाच्या घरी बसायला खुर्ची नाही, हे बरं दिसत नाही. एक पाठवताहेत. आरामखुर्ची."

आईचा चेहरा उजळला. "बघ. मी शनिवारी बसले असते, तर ती खुर्ची आली असती का?"

वहिनींनी जाताना मलम ठेवूनच दिलं. म्हणाल्या, असू दे, घरात लागतं.

खुर्ची पुढच्या बुधवारी आली. उंच पाठीची, मऊ, हातांना टेकू असलेली. बाबांनी तिच्यासाठी गॅलरीच्या दारापाशी, उजेडाची जागा निवडली. दिवाणाच्या गादीखालची वायर त्यांनी दरम्यान काढून टाकली होती आणि मधल्या रविवारी, दोघींना आत पाठवून, नवीन वाटेनं नेली होती. वायर पुन्हा कुठेच दिसत नव्हती. कुठून नेली असं लेकीनं विचारलं, तेव्हा ते मंदपणे हसले होते.

दुपारी कामं आवरून आई खुर्चीपाशी आली. खुर्चीखालची, बाबांनी नव्यानं अंथरलेली सतरंजी सरळ केली. आधी देवाला हात जोडले, मग खालच्या फळीवरच्या हिरव्या दिव्याला. शेंगांची परात मांडीवर येईल अशी घेतली आणि अगदी सावकाश, पाठ टेकून, पाय लांब करून, उन्हात डोळे मिटून बसली.

"आई," आतून लेकीचा आवाज आला, "ऊठ."